दोरीच्या पलीकडचा कांदा

८ डिसेंबर

वहीची माफी मागतो. ऑगस्टनंतर एक ओळही लिहिलेली नाही. कारणं सांगायला बसलो तर ती कारणं नसून सबबी आहेत हे मलाच कळेल, म्हणून एकच सांगतो: सासूबाईंचं मनगट मोडलं, त्या आमच्याकडे आल्या आणि ज्या मागच्या खोलीत बसून मी लिहायचो तिथे त्यांचा पलंग लागला. मनगट केव्हाच जुळलं. वही मात्र आज उघडतो आहे, कारण आज जेवताना घरात पैज लागली.

सुरुवात नेहमीचीच.

"आता मी माझ्या घरी जाते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं घर दुसऱ्या गावात आहे, बसने अर्धा दिवस जातो.

"एकटी? आणि पुन्हा पडलीस म्हणजे?" बायको म्हणाली.

"पडायचं तर मी इथेही पडेन. तुझी न्हाणीघरातली फरशी काय कमी गुळगुळीत आहे?"

"आई, तुला एकटीला आता झेपत नाही."

"काय झेपत नाही? एक गोष्ट सांग."

बायकोने बरीच शोधाशोध करून सांगितलं, "मागे आले तेव्हा तुझ्या कुंड्या सुकल्या होत्या."

"त्या मेल्या शेवंतीला मी मुद्दामच पाणी देत नव्हते. मला ती आवडत नाही."

मी भाजी वाढून घेण्याच्या निमित्ताने खाली मान घातली. अशा वेळी मला दोघींचंही पटतं आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

शेवटी सासूबाईंनी ताट बाजूला सारून अटी घातल्या. आम्ही परसात कांदा लावणार आहोत, तर अर्धा वाफा त्यांचा. पाणी, खुरपणी, खत, सगळं त्या एकट्या करणार. कोणी हात लावायचा नाही. त्यांचा कांदा माझ्या कांद्याच्या तोडीला आला, तर त्या आपल्या घरी जाणार आणि लेकीने एक शब्द बोलायचा नाही. नाही आला, तर त्या इथेच राहणार आणि त्या एक शब्द बोलणार नाहीत. (हा शेवटचा भाग पाळला जाईल का, याबद्दल मला शंका आहे.)

निकाल मी द्यायचा, कारण मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. स्पर्धकच पंच कसा होईल, असं मी विचारलं. दोघी एकदम म्हणाल्या, "तुम्ही असलात तर चालतं." एरवी बायको मला अरे-तुरे करते. आईबरोबर एका सुरात बोलताना मात्र तिलाही अहो-जाहो सुचतं.

१४ डिसेंबर

वाफा तयार केला. मी टेप लावून मधोमध दोरी ताणली, दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या.

"जावईबापू, सरकारी शिक्का मारायचा का?" सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या.

शेणखत त्यांनी मुठीत घेऊन हुंगलं, चुरून बघितलं. नीट कुजलेलं खत मातीसारखं लागतं, वास मारत नाही. कच्चं घातलं तर ते जमिनीत गेल्यावर शिजत बसतं आणि कोवळी मुळं भाजतात. हे त्यांना माहेरी असताना कळलेलं, तिथे घरापुरता कांदा पिकायचा. पुढे त्या एका दवाखान्यात कंपाउंडर होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची औषधं मापून दिली. थोडक्यात, कांद्याची जाण आणि मापाचा हात दोन्ही त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे एक माहितीपत्रक आहे.

मी हे बायकोला म्हणालो. तिचा चेहरा उतरला. "मग मी कबूल कशाला झाले?" ती म्हणाली. मी पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

२२ डिसेंबर

रोपं लावून झाली. सासूबाईंच्या ओळी सरळ आल्या, माझ्या मोजून लावूनही वाकड्या.

११ जानेवारी

वरखताचा, म्हणजे युरियाचा, पहिला हप्ता दिला. पत्रकात 'रोपांपासून योग्य अंतरावर' असं लिहिलं आहे. योग्य म्हणजे किती, हा प्रश्न घेऊन मी वाफ्याशी उकिडवा बसलो होतो. सासूबाई आल्या.

"कांद्याची मुळं बघितलीत कधी? दाढीच्या ब्रशासारखी असतात. वरवर पसरलेली, आखूड. त्याला लांबून वाढलंत तर त्याचा हात पोचत नाही, आणि पानावर टाकलंत तर पान करपतं. ओळीच्या शेजारी बोटाने चर पाडा, त्यात टाका, माती ओढा, पाणी द्या."

मी विचारलं, असं कुठवर द्यायचं?

"आधी पात, मग कांदा. पात वाढतेय तोवर युरिया द्या, थोडा थोडा. मग खालून गोलाई धरायला लागली, मातीला चीर पडायला लागली, की युरिया बंद. एकदम बंद. त्यानंतर दिलात तर कांदा म्हणतो, अरे वा, अजून पानच वाढवायचंय वाटतं! मान जाड होते, खाली काही पोसत नाही आणि आलेला कांदा महिनाभर टिकत नाही."

"आणि आई, तिखटपणा?"

"तो गंधकाने येतो. नाहीतर नुसतं गोड पाणी. कांदा आहे, थोडं रडवायला नको?"

प्रतिस्पर्ध्याला त्यांनी सगळं सांगून टाकलं. इतक्या मोकळेपणाने सांगितलेलं ज्ञान वापरून त्यांच्याच विरुद्ध जिंकणं बरोबर आहे का? संध्याकाळभर विचार केला. बायको म्हणाली, "बरोबर आहे. नक्की वापर."

१९ जानेवारी

एका दुकानात तराजूच्या पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेलं सापडलं. दुकानदार म्हणाला, ते नजर लागू नये म्हणून आहे. जेवताना सांगितलं. बायकोने नेहमीसारखं "हं" केलं. सासूबाईंना इतकं हसू आलं की पाणी प्यावं लागलं. मग म्हणाल्या, "उद्या कुठे जाणार तुम्ही? कालच्या त्या दूधवाल्याचं पुढे काय झालं?" हल्ली दिवसभरात काही घडलं की मी ते मनात नीट रचून घरी आणतो. पाहुण्या माणसाची करमणूक करणं हे यजमानाचं कर्तव्यच आहे.

२७ जानेवारी

सासूबाई घर बघून यायला म्हणून गेल्या. आठवडाभर राहतील. त्यांच्या अर्ध्या वाफ्याला पाणी देऊ का विचारलं, तर नाही म्हणाल्या. कालच भरपूर दिलं आहे.

जेवताना मी पेट्रोलपंपावरच्या मापाची गोष्ट सांगितली. "हं," बायको म्हणाली.

३० जानेवारी

सासूबाई परत आल्या. इतक्या लवकर? "कांद्याला पाणी कोण देणार? करार म्हणजे करार," म्हणाल्या. मला त्यांचा हा काटेकोरपणा फार आवडतो.

घर कसं होतं, असं बायकोने विचारलं. "जागच्या जागी होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेजारचा तो डॉक्टर सकाळी खाकरतो ना, त्याची सवय झालीये. तिकडे काहीच वाजत नाही. नळाला पाणी आलं तेवढाच आवाज." मग चहा घेतला, वाफ्यावर जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि आत येऊन मला विचारलं, "तुमचा तो युरियाचा डबा कुठे असतो?"

मुलं वगैरे कोणी हात लावू नये म्हणून विचारत असाव्यात. आमच्याकडे मुलं येत नाहीत, पण खबरदारी चांगली. जिन्याखाली असतो, मी सांगितलं.

८ फेब्रुवारी

माझ्या कांद्यांनी गोलाई धरली! ओळीला बारीक चिरा पडल्या आहेत आणि मधून पांढुरके खांदे डोकावतात. मी मोहाने माती ओढणार होतो, पण त्याला उघडंच राहायला आवडतं म्हणे. सांगितल्याप्रमाणे युरिया बंद केला. थोडी राख टाकली.

सासूबाईंचे खांदे अजून दिसत नाहीत. त्यांची पात मात्र माझ्याहून गर्द आहे. कुंपणापलीकडचे दातांचे डॉक्टर थांबून म्हणाले, "वा! काय तब्येत आहे! तुमच्या बाजूचं जरा अशक्त वाटतंय हो."

१७ फेब्रुवारी

मन अस्वस्थ आहे, म्हणून नीट लिहितो.

मी युरिया बंद करून बरेच दिवस झाले, पण डबा हलका लागतो. मी पहिल्याच दिवशी वजन केलं असतं तर आज खात्रीने बोलता आलं असतं. दिवसभर लोकांच्या मापातली खोट काढणारा माणूस आपल्याच डब्याचं वजन करत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट दुसरी. आज दोरीच्या पलीकडे, सासूबाईंच्या ओळीत मला पांढरे दाणे दिसले. युरियाचे. अजून विरघळले नव्हते.

त्या चुकून टाकतील हे शक्य नाही. गोलाईनंतर युरिया बंद हे मला त्यांनीच शिकवलं, आणि ज्या बाईच्या हातून उभ्या आयुष्यात औषधाचा एक थेंब जास्त पडला नाही, तिचा चमचा आता चुकेल? तेव्हा ते दाणे माझेच. डबा भोकाचा असावा, किंवा वारा, किंवा मी.

त्यांना विचारलं. "वारा असेल," म्हणाल्या. "हल्ली फार सुटतो."

१८ फेब्रुवारी

चपला धुतल्या. यापुढे वाफ्यात अनवाणी.

२३ फेब्रुवारी

दोरीच्या जागी फळी रोवली. आता वाऱ्याने उडालं तरी अडेल.

सकाळी लवकर उठलो तेव्हा सासूबाई जिन्याखाली होत्या. केरसुणी शोधत होत्या. केरसुणी दाराआडच असते, ती मी दिली. हातात चमचा होता, तो मात्र कशासाठी ते विचारायचं राहिलं. या वयात झोप लवकर मोडते, बिचाऱ्या काहीतरी आवरत असतात.

२ मार्च

फळीपलीकडे पुन्हा दाणे. वारा फळीवरून जात असला पाहिजे.

त्यांची पात आता गुडघ्याच्या वर आली आहे, जाड, काळपट हिरवी. डॉक्टर रोज फोटो काढतात. बायकोला रात्री जेवण गेलं नाही.

"ती जिंकणार," ती भांडी घासताना म्हणाली. "बघितलंस ना? आणि मग मी काय बोलणार? मी शब्द दिलाय."

मी म्हणालो, पातीवरून काही सांगता येत नाही.

"तू एक कर ना. तिच्या बाजूला जरा गरम पाणी ओत. मिठाचं."

मी काय ऐकतोय यावर माझा विश्वास बसेना. मी तिला स्पष्ट सांगितलं की हे माझ्याच्याने होणार नाही. एक वेळ मी हरलेलं पत्करीन. तिने हातातलं पातेलं जरा जोरात ठेवलं. "तुला ती जायला हवीय," ती म्हणाली.

हे खरं आहे का? मी प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. मागची खोली मला परत मिळेल. लिहायला जागा होईल. जेवताना गोष्टी रचून आणायची जबाबदारी संपेल. हे सगळे फायदे एकाखाली एक लिहून पाहिले आणि मग का कोण जाणे, बाहेर जाऊन वाफ्यापाशी उभा राहिलो.

११ मार्च

सासूबाईंचं शिलाई मशीन बसने आलं. डॉक्टरांनी आणि मी मिळून आत नेलं. "उशांचे चार अभ्रे शिवून देते, मग जायला मोकळी," त्या म्हणाल्या. चार अभ्र्यांसाठी एवढं ओझं मागवणं मला जरा जास्त वाटलं, पण त्यांना उपकारात राहायला आवडत नाही.

त्यांच्या गावाहून कोणा शिक्षिकेचा फोन आला होता. तिला त्यांचं घर भाड्याने हवं आहे. "मे महिन्यात सांगते, तोवर दुसरं बघू नका," असं सासूबाई म्हणताना मी ऐकलं. साफ नाही म्हणायचा संकोच. मला त्यांची दया आली. स्वतःच्या घरावर लोक असे टपलेले असताना त्यांच्या वाफ्यात माझा युरिया.

२४ मार्च

राहवेना. त्यांना सगळं सांगितलं. डबा, वारा, फळी, चपला. म्हणालो, "आई, तुमच्या कांद्याचं पोट भरलंय ते माझ्या खताने. पोसायच्या वेळी पात वाढतेय. अजून वेळ गेलेली नाही. पाणी कमी करा, मी राख टाकतो, थोडं पोटॅश देतो, काहीतरी सावरेल."

त्या मशीनवर होत्या. पाय थांबला.

"माझ्या वाफ्यात हात घालायचा नाही, जावईबापू. असं ठरलंय."

"पण ही चूक माझी आहे."

"असू दे."

"अहो, तुम्ही हराल!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्याच्या वरून. मग म्हणाल्या, "तुमच्या खात्यात तुम्हाला लोक कसे फसवतात हो?"

"फसवायचा प्रयत्न करतात," मी म्हणालो. "पण माझ्या नजरेतून सुटत नाही."

"हो का," त्या म्हणाल्या, आणि दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा जाईना, इतक्या हसत होत्या. कदाचित धीर धरायची त्यांची ही पद्धत असेल.

६ एप्रिल

माझ्या कांद्यांनी माना टाकल्या. काल उभी असलेली पात आज ओळीने आडवी, जणू सगळे एकदम झोपले. पाणी बंद.

फळीपलीकडे सगळं ताठ उभं. सासूबाई अजून पाणी देताहेत.

१९ एप्रिल

दोन्हीकडचे कांदे उपटले, जिन्याखाली सावलीत वेगवेगळे पसरले. पात सुकली की वजन. बायको त्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "हे असे लांबुडके का आहेत?" सासूबाई म्हणाल्या, "जात वेगळी असेल." रोपं एकाच जुडीतली होती. मी तसं म्हणणार होतो, पण त्यांनी मला पायपुसणं झटकायला सांगितलं.

२८ एप्रिल

आज निकाल. झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी खात्यातून तपासलेला काटा आणला होता. स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, पातळी पाहिली, शून्य दाखवलं. डॉक्टर साक्षीदार म्हणून आले होते. पात आणि मुळं छाटली. माझे कांदे गोल, मान सुकून काडीसारखी झालेली, साल कागदासारखी वाजणारी. सासूबाईंचे म्हणजे जाड मान, आणि खाली मानेएवढाच कांदा. दाबले तर मऊ. डॉक्टरांनी एक हातात घेऊन पाहिला. "हा तर नुसताच गळा आहे," ते म्हणाले, आणि त्यांना वाईट वाटलं.

वजन केलं. माझा ढीग त्यांच्या दुपटीहून जास्त भरला.

"हरले गं बाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कापायचे चार कांदे आधीच बाजूला काढून ठेवले होते. "ठरल्याप्रमाणे मी एक शब्द बोलणार नाही. राहते इथेच. काय करणार?"

बायको आईकडे बघत राहिली. मग ढिगातला एक जाड मानेचा कांदा उचलून तिने उलटसुलट केला, पुन्हा आईकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने अजून एकही कांदा चिरला नव्हता.

इथेच सगळं संपलं असतं. पण माझ्याच्याने बघवेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो की पंच म्हणून मला हा निकाल मान्य नाही.

"काटा बरोबर आहे ना?" सासूबाईंनी एकदम विचारलं.

"काटा बरोबर आहे. पण आई, तुमच्या बाजूला युरिया गेला. माझा. हे मापात पाप आहे. अशा निकालावर तुम्हाला इथे अडकवून ठेवणं हा अन्याय आहे. न्यायाने बघितलं तर तुम्ही जिंकला आहात. तुम्ही आपल्या घरी जायला मोकळ्या आहात."

सासूबाईंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. दवाखान्यात एखाद्याने भलतीच बाटली उचलली तर कंपाउंडरचा होत असेल तसा. टेबलाखालून बायकोचा पाय माझ्या नडगीवर बसला, तो चुकून बसला असं मला वाटत नाही.

"मला जायला मोकळी करताय," सासूबाई हळू म्हणाल्या. "तुमच्या मनात मी जावं असं आहे का?"

असा सरळ प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी खरं तेच सांगितलं. "नाही," मी म्हणालो. "तुम्ही गेलात तर मी पेट्रोलपंपाची गोष्ट कोणाला सांगू? पण माझ्या मनात काय आहे त्याचा मापाशी संबंध नाही."

डॉक्टर छताकडे पाहत होते.

"मग तुम्हीच काढा मार्ग," त्या म्हणाल्या. "पंच तुम्ही."

मी विचार केला. नियमाने, मापात दोष आढळला तर ते माप रद्द करून नव्याने घ्यावं लागतं. म्हणून मी निर्णय दिला: ही पैज रद्द. पुढच्या हंगामात पुन्हा लावायची. तोवर कोणीही जिंकलं नाही, कोणीही हरलं नाही, आणि ज्याने त्याने आहे त्या जागी राहायचं.

"म्हणजे पुढच्या एप्रिलपर्यंत?" सासूबाईंनी विचारलं.

"नाइलाज आहे, आई."

"नाही नाही, न्याय म्हणजे न्याय," त्या घाईने म्हणाल्या. "आणि तेव्हाही काही गडबड झाली तर?"

"तर पुन्हा रद्द."

"ऐकलंस?" त्यांनी लेकीला विचारलं. बायको हसत होती की रडत होती ते मला ओळखता आलं नाही. चार कांदे घेऊन ती ओट्याकडे वळली आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, लहान मुलाच्या फिरवतात तसा. डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. सासूबाई उठून त्या शिक्षिकेला फोन करायला गेल्या. अजून एक वर्ष अडकल्या, तरी एवढ्या उत्साहाने चालत गेल्या की मला त्यांचं कौतुक वाटलं.

एका निर्णयाने तिघांचंही समाधान व्हावं असं माझ्या नोकरीत कधी झालेलं नाही. पण पुढच्या वर्षी तरी कुठलीही शंका राहायला नको. त्या दृष्टीने सुरुवात लगेच केलेली बरी.

उद्या: युरियाच्या डब्याला कुलूप आणून किल्ली सासूबाईंकडे सोपवणे.